शर्यतीचे निवृत्त घोडे

शर्यतीचे निवृत्त घोडे : वय, इजा, मंदावलेला वेग किंवा मालकाची आर्थिक अडचण यांमुळे शर्यतींतून कायमचे काढून घेतलेले घोडे. यांत प्रामुख्याने थरोब्रेड या जातीचे घोडे येतात. निवृत्तीनंतर त्यांपैकी थोडे पैदाशीसाठी राखले जातात, काही रपेटीसाठी व अन्य कामांसाठी विकले जातात, तर अनेक देशांत त्यांतील बरेच घोडे कत्तलखान्यात गेलेले आहेत. शर्यतीच्या घोड्याचा जन्म, वंश, रंग, अंगावरील खुणा, प्रत्येक शर्यतीतील क्रमांक व मिळालेले बक्षीस यांची नोंद जितक्या काटेकोरपणे ठेवली जाते, तितकी अन्य पाळीव प्राण्यांची क्वचितच ठेवली जात असेल. तथापि पैदाशीसाठी निवडलेले घोडे वगळता ही नोंद दीर्घकाळ शेवटच्या शर्यतीपाशी थांबत आली. निवृत्त घोड्यांना मिळालेल्या वागणुकीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या थांबलेल्या नोंदीचा आणि ती घोड्याच्या मृत्यूपर्यंत नेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

आयुर्मान व अर्थकारण : थरोब्रेड घोडा साधारणपणे दोन वर्षांचा झाला, की शर्यतीत उतरतो आणि बहुतेक घोडे पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत निवृत्त होतात. योग्य निगा राखल्यास घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. म्हणजे त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग शर्यतीनंतरचा असतो. या काळातही त्याचा खर्च कमी होत नाही. सु. ४५०–५०० किग्रॅ. वजनाच्या घोड्याला रोज सु. १० किग्रॅ. दाणावैरण लागते. दर काही आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यावे लागतात. शिवाय दातांची तपासणी, जंतनाशके, लसी, तबेला व मोतद्दार यांचा खर्च असतोच. शर्यतीत धावणाऱ्या घोड्याकडून हा खर्च भरून निघण्याची निदान आशा असते; निवृत्त घोड्याकडून तीही उरत नाही.

पैदाशीसाठी फार थोडे नर पुरतात. एक नामांकित नर एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या फळवतो. थरोब्रेडच्या वंशनोंदवहीत कृत्रिम रेतनाने जन्मलेल्या शिंगरांना स्थान नाही. तरीही नैसर्गिक संयोगाने होणाऱ्या पैदाशीला लागणाऱ्या नरांची संख्या एकूण नरांच्या तुलनेने अगदी अल्प असते. खच्ची केलेल्या घोड्यांना तर पैदाशीच्या दृष्टीने काहीच मूल्य नसते. घोड्यांपेक्षा घोड्यांच्या माद्यांना मागणी जास्त. परंतु वांझ ठरलेल्या किंवा सामान्य प्रतीची शिंगरे देणाऱ्या घोडीचीही गत पुढे तीच होते.

इजा हे निवृत्तीचे एक प्रमुख कारण होय. भरधाव वेगात शरीराचा सर्व भार क्षणभर एकाच पायावर येतो. त्यामुळे पुढच्या पायांचे स्नायुबंध सुजणे वा फाटणे आणि गुडघ्याखालची हाडे मोडणे, हे प्रकार वारंवार घडतात. घोडा फार काळ आडवा राहू शकत नाही आणि मोडलेल्या पायाचा भार तो दुसऱ्या पायांवर टाकतो. परिणामतः चांगल्या पायांच्या खुरांतील मऊ ऊती सुजून खूर आतील हाडापासून सुटू लागतो. केंटकी डर्बी ही शर्यत २००६ साली जिंकणारा बार्बारो हा घोडा त्याच वर्षी पुढच्या मोठ्या शर्यतीत पाय मोडून पडला. त्याच्यावर सु. आठ महिने उपचार करण्यात आले; परंतु खुरांच्या याच विकारामुळे जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनारहित मरण द्यावे लागले. इतके दीर्घ उपचार मौल्यवान घोड्यांच्याच वाट्याला येतात. सामान्य घोड्याच्या बाबतीत उपचाराचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा अधिक ठरतो व त्याचा निर्णय बहुधा तेथेच होतो.

ऐतिहासिक आढावा : सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्‍लंडमध्ये आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन नर घोड्यांपासून थरोब्रेड जातीचे पितृवंश सुरू झाले. त्यांपैकी गोडॉल्फिन अरेबियन हा इंग्‍लंडमध्ये येण्यापूर्वी पॅरिसमध्ये पाण्याची गाडी ओढत होता, अशी दंतकथा प्रसिद्ध आहे. तिला आधार नसला, तरी उमदा घोडा गाडीला जुंपला जाणे ही त्या काळी कोणालाही पटणारी गोष्ट होती, हे तीवरून दिसते. १७९१ मध्ये जेम्स वेदर्बी याने या जातीची सर्वसाधारण वंशनोंदवही प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. यापुढे या वहीत ज्याचा वंश आहे तो थरोब्रेड, अशी व्याख्याच रूढ झाली.

फार थोड्या घोड्यांच्या मृत्यूची दखल घेतली गेली. १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी जन्मलेला एक्‍लिप्स हा घोडा १७६९-७० मध्ये एकही शर्यत न हरता निवृत्त झाला व पुढे पैदाशीसाठी प्रसिद्धी पावला. १७८९ मध्ये तो मरण पावल्यावर फ्रेंच पशुवैद्य शार्ल व्हियाल द सँबेल याने त्याचे शवविच्छेदन करून शरीराची मोजमापे घेतली. याच सँबेलच्या पुढाकाराने १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. एक्‍लिप्सचा सांगाडा पुढे या संस्थेच्या संग्रहात आला.

एरव्ही शर्यतीचा घोडा पायरीपायरीने खाली उतरत असे. मोठ्या शर्यतींतून लहान गावांच्या शर्यतींत, तेथून शिकारीच्या वा रपेटीच्या कामावर, पुढे भाड्याच्या गाडीला आणि अखेर घोडे मारणाऱ्या व्यावसायिकाकडे, असा त्याचा प्रवास होई. अ‍ॅना स्यूएलच्या ब्‍लॅक ब्यूटी (१८७७) या कादंबरीने असा उतरता क्रम असंख्य वाचकांपर्यंत पोहोचविला. लंडनसारख्या शहरात हजारो घोडे वाहतुकीसाठी राबत असल्यामुळे मेलेल्या व निकामी घोड्यांचा स्वतंत्र व्यापार होता. कातडे चर्मकाराकडे, खूर व हाडे सरस आणि खत यांसाठी, शेपटीचे केस गाद्या व ब्रश यांसाठी आणि मांस कुत्र्यामांजरांसाठी जाई.

ब्रिटिश पार्लमेंटने १७८६ साली घोडे मारण्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. तेथे येणाऱ्या प्रत्येक जनावराचे वर्णन निरीक्षकाने वहीत लिहून घ्यावे, अशी तरतूद या अधिनियमात होती. तिचा हेतू चोरीच्या घोड्यांचा माग काढणे हा होता. घोड्याच्या हालांशी तिचा संबंध नव्हता. घोड्याच्या मृत्यूची ही नोंदही अशा रीतीने मालमत्तेच्या रक्षणासाठीच सुरू झाली. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याविरुद्धचा पहिला ब्रिटिश अधिनियम १८२२ मध्ये संमत झाला व त्यात घोड्यांचा समावेश होता. १८२४ मध्ये लंडन येथे प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. परंतु मारहाण रोखणे एवढाच या कायद्याचा आवाका असल्याने मालकाने घोडा कोणाला व कशासाठी विकावा, हे त्याच्या मर्जीवरच राहिले.

मांसाचा व्यापार : घोड्याचे मांस खाण्याविषयी निरनिराळ्या समाजांत टोकाची मतभिन्नता आढळते. जर्मन टोळ्यांच्या जुन्या धर्माचारांत अश्वमांसाला स्थान होते. ते मोडण्यासाठी पोप तिसरा ग्रेगरी याने सु. ७३२ मध्ये धर्मप्रचारक बॉनिफेस याला हे मांस खाण्याची प्रथा बंद पाडण्यास सांगितले. ज्यूंच्या धर्मनियमांप्रमाणे घोडा दुभंगलेल्या खुरांचा व रवंथ करणारा नसल्याने निषिद्ध ठरतो. इंग्रजी भाषिक देशांत अश्वमांसाविषयी तिटकारा टिकून राहिला. तर फ्रान्स, बेल्जियम, इटली इ. देशांत एकोणिसाव्या शतकात ते बाजारात आले. जपानमध्ये कुमामोटो भागात ते कच्चेही खाल्ले जाते.

फ्रान्समध्ये अश्वमांसाची विक्री १८६६ मध्ये कायदेशीर झाली. तीमागील युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. प्राणिशास्त्रज्ञ ईझीदॉर झॉफ्र्वा सँतिलेर याने १८५६ मध्ये या मांसाचा पुरस्कार केला व लष्करी पशुवैद्य एमील दक्र्वा याने त्यासाठी चळवळ चालविली. गरिबांना स्वस्त मांस मिळावे, हा त्यांचा एक हेतू होता. दुसरा हेतू भूतदयेचा होता. म्हाताऱ्या घोड्याला खाटकाकडे काही किंमत आली, तर मालक त्याला मरेपर्यंत राबविणार नाही, उलट तो धडधाकट असतानाच विकील व त्याचे अखेरचे हाल वाचतील, असे त्यांचे म्हणणे होते. अशा प्रकारे एकोणिसाव्या शतकातील प्राणिमित्रांपैकी काहींनी घोड्याची कत्तल हा दयेचा मार्ग मानला होता. १८७०-७१ मध्ये पॅरिसला पडलेल्या वेढ्यात तर जातिवंत घोडेही मोठ्या संख्येने खाल्ले गेले.

हा युक्तिवाद विसाव्या शतकात दोन कारणांनी दुबळा झाला. पहिले कारण वाहतुकीचे. मोटारींमुळे कामाचे घोडे नाहीसे झाले, खाटकांची संख्या घटली व घोडे शेकडो किमी. दूर, कित्येकदा देशाबाहेर, वाहनांत कोंबून नेले जाऊ लागले. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. रक्ताचा वास, गोंगाट व अनोळखी जनावरांची दाटी यांनी तो बिथरतो; लांब मान सतत हलवत राहिल्याने कपाळावर दट्ट्याचा आघात करून त्याला बेशुद्ध करणाऱ्या पिस्तुलाचा नेम चुकण्याचा धोका असतो. कुशल माणसाने शांत जागी, परिचित हातांत उभ्या असलेल्या घोड्याला मारणे आणि वेगाने चालणाऱ्या कत्तलखान्यात त्याला मारणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत.

दुसरे कारण औषधांचे. शर्यतीच्या घोड्यांना सांधेदुखी व सूज यांवर फिनिलब्युटाझोन हे औषध सर्रास दिले जाते. माणसात त्यामुळे क्वचित रक्तपेशींची निर्मिती थांबण्याचा गंभीर विकार उद्‌भवतो. म्हणून यूरोपीय संघात हे औषध दिलेला घोडा अन्नसाखळीतून कायमचा वगळला जातो व तशी नोंद त्याच्या ओळखपत्रिकेत केली जाते. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत अश्वमांस आढळले. त्यानंतर यूरोपभर झालेल्या तपासण्यांनी या नोंदींतील पळवाटा उघड केल्या. मेक्सिकोतून येणाऱ्या अश्वमांसाची आयात यूरोपीय संघाने जानेवारी २०१५ पासून थांबविली. कारण तेथे मारल्या जाणाऱ्या घोड्यांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घोड्यांचा मोठा भरणा होता व त्यांना पूर्वी कोणती औषधे दिली गेली, याची खात्रीलायक नोंद नव्हती. घोड्यावरील दयेपोटी जी नोंद ठेवली गेली नव्हती, ती खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी आवश्यक ठरली.

एक्सेलर व फर्डिनंड : सामान्य घोड्यांच्या कत्तलीकडे शर्यतीच्या जगाने फारसे लक्ष दिले नाही. ते वेधले गेले दोन नामांकित घोड्यांच्या मृत्यूंमुळे. एक्सेलर (जन्म १९७३) याने १९७८ च्या जॉकी क्‍लब गोल्ड कप या शर्यतीत सिअ‍ॅटल स्लू व अफर्म्ड या दोन्ही त्रिमुकुटधारी घोड्यांना मागे टाकले होते. पैदाशीसाठी तो फारसा यशस्वी ठरला नाही. १९९१ मध्ये त्याला स्वीडनला नेण्यात आले. मालक आर्थिक अडचणीत सापडल्यावर १९९७ मध्ये तो तेथील कत्तलखान्यात मारला गेला. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या शर्यतविषयक संग्रहालयाने त्याचे नाव आपल्या कीर्तिमंदिरात समाविष्ट केले.

फर्डिनंड (जन्म १९८३) याने १९८६ ची केंटकी डर्बी जिंकली. त्या वेळी त्याचा जॉकी विली शूमेकर ५४ वर्षांचा होता. १९८७ मध्ये फर्डिनंडने ब्रीडर्स कप क्‍लासिक ही शर्यत जिंकली व त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट घोडा म्हणून त्याची निवड झाली. बक्षिसांच्या रूपाने त्याने एकूण ३७ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळविली. केंटकीतील पैदास केंद्रात अपेक्षित यश न लाभल्याने १९९४ मध्ये तो जपानला विकला गेला व होक्काइडो बेटावर काही वर्षे पैदाशीसाठी वापरला गेला. त्याच्याकडे येणाऱ्या घोड्यांच्या माद्या कमी होत गेल्या आणि तो पुन्हा हस्तांतरित झाला. एका अमेरिकन नियतकालिकाने २००३ मध्ये त्याचा शोध घेतला, तेव्हा २००२ साली त्याची ‘विल्हेवाट’ लावण्यात आल्याचे उत्तर मिळाले. त्याचे मांस माणसांसाठी वापरले गेले, की पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी, हेही सांगता येईल असा कागद उरला नव्हता. या दोन्ही घोड्यांचा प्रशिक्षक चार्ली व्हिटिंगहॅम हा होता आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयांच्या वेळी त्यांच्यावर शूमेकरच स्वार होता. ज्यांच्या प्रत्येक शर्यतीचा वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदलेला होता, त्या घोड्यांचा शेवट वार्ताहरांना हुडकून काढावा लागला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : या देशात दर वर्षी जन्मणाऱ्या थरोब्रेड शिंगरांची संख्या १९८६ मध्ये ५१,००० हून अधिक झाली होती, त्यानंतर ती घटत जाऊन २०२० नंतरच्या काळात २०,००० च्या खाली आली. १९८० नंतरच्या दशकातील भरमसाट पैदाशीने नको झालेल्या घोड्यांचा प्रश्न तीव्र केला. कॅलिफोर्निया राज्यात १९९८ मध्ये मतदारांच्या कौलाने माणसांच्या खाण्यासाठी घोड्यांची कत्तल करण्यास बंदी घालण्यात आली. टेक्सासमध्ये अश्वमांसाच्या विक्रीविरुद्ध १९४९ चा कायदा होता. तो लागू असल्याचा निर्णय केंद्रीय अपील न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये दिला. त्याच वर्षी इलिनॉय राज्यानेही बंदी घातली. परिणामतः २००७ मध्ये टेक्सासमधील दोन व इलिनॉयमधील एक असे देशातील उरलेले तीन कत्तलखाने बंद झाले. केंद्रीय तपासनिसांसाठी निधीच न देण्याचे धोरण काँग्रेसने मध्यंतरीचा अल्पकाळ (२०११–१४) वगळता चालू ठेवले.

तथापि कत्तल थांबली नाही. ती सीमेपलीकडे गेली. काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०११ च्या अहवालानुसार २०१० मध्ये सु. १,३८,००० घोडे कॅनडा व मेक्सिको येथे कत्तलीसाठी नेण्यात आले. ही संख्या बंदीपूर्वीच्या कत्तलीएवढीच होती. यांत सर्व जातींचे घोडे होते व थरोब्रेड हा त्यांतील एक भाग होता. प्रवास मात्र लांबला आणि मेक्सिकोतील कत्तलखान्यांवर अमेरिकन कायद्याचा अंमल नव्हता. देशांतर्गत कत्तलखाने बंद केल्याने घोड्यांचे हाल वाढले, असे काहींनी म्हटले. तर निर्यातीवरही बंदी हवी, हे यावरून सिद्ध होते, असे इतरांनी प्रतिपादिले.

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व आयर्लंड : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने १७ ऑक्टोबर २०१९ रोजी एक शोधवृत्त प्रसारित केले. क्वीन्सलँड राज्यातील कत्तलखान्यात शर्यतीचे घोडे मारहाण सोसत मारले जात असल्याची छुपी चित्रणे त्यात होती. निवृत्त घोडा कत्तलखान्यात पाठवू नये, असा न्यू साउथ वेल्स राज्यातील शर्यत मंडळाचा नियम तेव्हाही अस्तित्वात होता. परंतु घोडा दोन-तीन हातांतून शेजारच्या राज्यात गेला, की हा नियम निष्प्रभ होई. क्वीन्सलँड शासनाने चौकशी नेमली व तिचा अहवाल जानेवारी २०२० मध्ये सादर झाला. देशातील सर्व घोड्यांची जन्मापासून मृत्यूपर्यंत एकच राष्ट्रीय नोंद असावी, ही मागणी यानंतर बळावली.

ब्रिटनमध्ये जुलै २०२१ मध्ये दाखविण्यात आलेल्या शोधवृत्तानुसार २०१९ च्या आरंभापासून ब्रिटन व आयर्लंड येथे शर्यतीचे सु. ४,००० निवृत्त घोडे कत्तलखान्यांत मारले गेले होते. त्यांपैकी बहुतेक आयर्लंडमध्ये तयार केलेले होते. ब्रिटिश शर्यत नियामक संस्थेने १ जानेवारी २०२२ पासून असा नियम केला, की ब्रिटनमध्ये धावणारा प्रत्येक घोडा माणसांच्या अन्नसाखळीतून वगळल्याची नोंद त्याच्या ओळखपत्रिकेत आधीच झालेली असली पाहिजे. कत्तलीसाठी जिवंत घोड्यांची निर्यात ग्रेट ब्रिटनमध्ये २०२४ च्या अधिनियमाने बंद करण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने तेथील कत्तलखान्याशी संबंधित गैरप्रकार व घोड्यांच्या खोट्या ओळखी उघडकीस आणल्या. अपात्र घोड्याला दुसऱ्याची ओळख देता येते, तोवर नोंदीचा नियम पुरेसा ठरत नाही, हे त्यावरून दिसून आले.

भारत : भारतात या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. अन्नसुरक्षा व मानके यांविषयीच्या २०११ च्या विनियमांत ज्या प्राण्यांचे मांस अन्न म्हणून विकता येते, त्यांत घोड्याचा समावेश नाही. त्यामुळे येथे निवृत्त घोड्यापुढील मुख्य धोका कत्तलखान्याचा नसून हळूहळू होणाऱ्या अवनतीचा असतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून शर्यती होत आल्या. महालक्ष्मी येथील धावपट्टी १८८३ मध्ये तयार झाली. इराणच्या आखातातून जहाजांनी येणाऱ्या अरबी घोड्यांची मुंबई ही मोठी पेठ होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आल्याने देशी पैदाशीला चालना मिळाली व पुण्याच्या परिसरात पैदास केंद्रे वाढली. भारतीय थरोब्रेडची वंशनोंदवही पुणे येथूनच ठेवली जाते.

निवृत्त घोड्यांपैकी चांगल्या स्वभावाचे घोडे रपेटीच्या संस्थांकडे जातात. महालक्ष्मी येथे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या हौशी घोडेस्वारांच्या संस्थेने अशा घोड्यांवर अनेक पिढ्यांना घोडेस्वारी शिकविली. बाकीचे घोडे लग्नाच्या वरातींत, चौपाटीवर मुलांना फिरविण्यासाठी किंवा घोडागाड्यांना जुंपलेले आढळत. थरोब्रेडची त्वचा पातळ, पाय नाजूक व स्वभाव उतावीळ असतो. डांबरी रस्ता, वाजंत्री व अपुरी चंदी यांत देशी तट्टू तग धरते, तसा तो धरू शकत नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला व त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. या निर्णयाने गाडीवानांच्या पुनर्वसनाबरोबरच घोड्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा केला. प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमानुसार (१९६०) प्राण्याला उपासमार वा वेदना होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र या अधिनियमाने पहिल्या गुन्ह्यासाठी ठरविलेला दंड १० ते ५० रुपये एवढाच होता.

निवृत्त घोड्याचा आणखी एक उपयोग महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाशी निगडित आहे. विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचल्यास घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात व त्याच्या रक्तद्रवापासून प्रतिविष मिळते. घटसर्पावरील घोड्याचे रक्तजल फ्रान्समध्ये एमील रू याने १८९४ मध्ये वापरात आणले; आल्बेअर काल्मेत याने त्याच सुमारास सर्पविषासाठी हेच तत्त्व वापरले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरील रक्तजल याच पद्धतीने तयार होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांवर चालणारे रक्तजल भारतात आजही घोड्यांपासूनच मिळविले जाते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पैदास केंद्रातील निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जात. घोडे आपले, मग रक्तजल आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुणे येथे सीरम इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली. पुढे ती लशींच्या उत्पादनात जगात अग्रेसर ठरली. अशा रीतीने नको झालेल्या घोड्याने असंख्य माणसांचे प्राण वाचविले. तथापि या घोड्यांना वारंवार विष टोचून घ्यावे लागते व रक्त द्यावे लागते. २०१५ नंतर देशातील अशा केंद्रांच्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांत काही ठिकाणी घोडे रक्तक्षय, खुरांचे विकार व जखमा यांनी ग्रस्त असल्याचे आढळले. प्रयोगासाठी वा उत्पादनासाठी वापरलेल्या प्राण्याची पुढील काळजी घेणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व भारतात मान्य झालेले आहे. प्रत्यक्षात ते किती पाळले जाते, हे तपासण्यांच्या नियमितपणावर अवलंबून राहते.

पुनर्वसन : निवृत्त घोड्यांसाठी स्वतंत्र संस्था निघू लागल्या त्या मुख्यतः १९८० नंतर. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या थरोब्रेड निवृत्ती प्रतिष्ठानाने न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल येथील तुरुंगाच्या जमिनीवर घोडे ठेवले व त्यांची निगा राखण्याचे शिक्षण बंद्यांना दिले. हा प्रयोग पुढे इतर तुरुंगांतही करण्यात आला. केंटकी राज्यात २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओल्ड फ्रेंड्स’ या आश्रयस्थानाने पैदाशीतून निवृत्त झालेले नामांकित नर घोडे सांभाळण्याचे काम हाती घेतले. १९९७ च्या केंटकी डर्बीचा विजेता सिल्व्हर चार्म हा घोडा फर्डिनंडप्रमाणेच जपानला गेला होता. तो २०१४ मध्ये तेथून परत आणून या आश्रयस्थानात ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये २००० साली शर्यत व्यवसायानेच पुनर्प्रशिक्षणाची संस्था उभारली.

पुनर्प्रशिक्षणाला वेळ लागतो. शर्यतीचा घोडा लगाम ताणला, की अधिक वेगाने धावण्यास शिकलेला असतो. त्याला एकट्याने, सावकाश व वळणे घेत चालणे नव्याने शिकावे लागते. प्रथम काही महिने त्याला कुरणात मोकळे सोडून धान्य कमी केले जाते व नंतर हळूहळू नवे काम दिले जाते. सुदृढ घोडे यात चांगले यश मिळवितात. पायांनी अधू झालेल्या घोड्यांना मात्र केवळ आश्रयच द्यावा लागतो आणि प्रत्येकी पंधरा-वीस वर्षे चालणारा हा खर्च दानांतून भागत नाही. म्हणून बक्षिसाच्या रकमेतील, नोंदणी शुल्कातील किंवा घोड्यांच्या विक्रीतील ठराविक वाटा निवृत्त घोड्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत काही देशांत सुरू झाली आहे.

मतभेद : या प्रश्नाविषयी तीन भूमिका दिसून येतात. पहिलीनुसार घोडा हे पशुधन आहे. त्याची वेदनारहित कत्तल ही उपासमार किंवा दुर्लक्ष यांपेक्षा बरी असून ती बेकायदा ठरविल्यास ती अधिक दूर व अधिक वाईट ठिकाणी होते. दुसरी भूमिका अशी, की ज्या प्राण्याच्या वेगावर माणसाने पैसा व करमणूक मिळविली, त्याच्या अखेरीची जबाबदारी त्याच माणसाची आहे आणि मांसाचा भाव हा ती टाळण्याचा सोपा मार्ग ठरतो. तिसरी भूमिका पैदाशीकडे लक्ष वेधते. जितके घोडे सांभाळता येतील तितकेच जन्माला घालावेत, अन्यथा कोणत्याही आश्रयस्थानाची क्षमता अपुरीच पडेल, असे तिचे म्हणणे आहे. यांपैकी पहिल्या दोन भूमिका कत्तलीविषयी परस्परविरोधी असल्या, तरी घोडा कोठे आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्यांतील एकही अंमलात आणता येत नाही. अमेरिकेत २०१७ पासून जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराच्या मानेत ओळखीची मायक्रोचिप बसविणे नोंदणीसाठी सक्तीचे झाले. इतर देशांतही ही पद्धत रूढ आहे. मायक्रोचिप घोडा कोणता हे सांगते. तो कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र प्रत्येक हस्तांतर कळविले गेले तरच समजते. निवृत्तीनंतरच्या खरेदीविक्रीची सक्तीची नोंद, पैदाशीच्या वेळीच आकारलेला पुढील आयुष्याचा खर्च आणि मृत्यूचा दाखला या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या नाहीत, तेथे शर्यतीच्या घोड्याची वंशनोंदवही अपुरीच राहिली आहे.